खालच्या मजल्यावरची मुले

आमच्या गावात नगरपालिकेची एक जुनी इमारत आहे आणि तिच्यात दोन शाळा भरतात. खालच्या मजल्यावर मराठी माध्यम, वरच्या मजल्यावर उर्दू माध्यम. घंटा एक, पाण्याची टाकी एक, मुलांची खिचडी शिजते तो चुलाही एकच. मी वरच्या मजल्यावर शिकवते. काही वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीनंतर सहावीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, नीचे के बच्चे जहन्नम में जाएंगे क्या?"

वर्ग हसला नाही. म्हणजे प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. चाळीस डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. आणि मी काय केले? फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि म्हणाले, "चलो, सबक खोलो."

बी.एड.च्या वर्षात आम्हाला शिकवले होते की जो विद्यार्थी प्रश्न विचारतो तोच शिकत असतो. परीक्षेत मी त्यावर दोन पाने लिहिली होती. पण त्या दिवशी पाठ फिरवून फळ्यावर तारीख लिहिताना माझ्या मनात तीन भीती एकदम उभ्या राहिल्या. "हो" म्हणावे तर ते माझे मन मान्य करत नव्हते. "नाही" म्हणावे तर उद्या एखादे पालक दारात येऊन विचारतील, तुम्हाला मौलवीसाहेबांपेक्षा जास्त कळते का? आणि "मला माहीत नाही" म्हणावे, तर आपल्याच दीनबद्दल माहीत नसलेली शिक्षिका म्हणून मुलांसमोर माझी काय इज्जत राहील?

धर्माविषयी मोकळेपणाने बोलताना माणसे अवघडतात ती का, असा प्रश्न आला की मला ते तीन क्षण आठवतात.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. धर्म ही खाजगी बाब आहे, म्हणून कोणी बोलत नाही. पण हे खरे आहे का? आपल्याकडे धर्माइतके जाहीर दुसरे काय आहे? नावात धर्म आहे, कपड्यात आहे, डब्यात आहे, भाड्याने घर मागायला गेले तर घरमालकाच्या पहिल्या प्रश्नात आहे. मिरवणुकीत आहे, भोंग्यावर आहे, चौकातल्या फलकावर आहे. रस्त्यावर धर्म एवढ्या मोठ्याने बोलतो की कानठळ्या बसाव्यात. फक्त दोन माणसे शेजारी बसली की तो मुका होतो. म्हणजे कारण खाजगीपणाचे नाही.

दुसरे उत्तर, वाद नको म्हणून. हेही मला पुरेसे वाटत नाही. कारण वादाला आपण मुळीच भीत नाही. आणि हे मला भंडारदऱ्याच्या वाटेवर उमगले.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडण्याआधी, खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी मिळून भंडारदऱ्याला काजवे पाहायला जायचे ठरवले. बसमध्ये माझ्या शेजारी मराठी शाळेतल्या एक बाई होत्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. त्या मला मुलांसारखेच आपा म्हणतात. ताईंचे माहेर पैठणकडचे. राजूर मागे पडले आणि धरणाचा विषय निघाला, तो शेंडीला उतरेपर्यंत संपला नाही. १९२६ साली पुरे झालेल्या या धरणाचे पाणी साधारण अकरा टीएमसी. ते प्रवरेतून अकोले, संगमनेर, नेवासे करत टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे पैठणच्या जायकवाडीत जाऊन थांबते. पाऊस कमी झाला की वरच्यांनी खालच्यांसाठी किती सोडायचे यावर आमचा नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, आणि मराठवाडा यांचे भांडण ठरलेले. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले, मामला उच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी भांडण आहेच. ताई एकट्या मराठवाड्याच्या आणि बाकी सगळी बस नगरची. ताई तावातावाने बोलल्या, आमचे सर तावातावाने बोलले, आणि शेंडीला उतरल्यावर सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. कोणाचे काही बिघडले नाही.

मग धर्माचा विषय निघाला तरच काही तरी बिघडेल असे आपल्याला का वाटते? मला वाटते, पाण्याच्या भांडणात माझे मत चुकले तर माझे फक्त मत चुकते. धरणात किती पाणी आहे हे मोजता येते, कायदा दाखवता येतो, आणि मला आकडा माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायला लाज वाटत नाही. धर्माच्या बोलण्यात मात्र माझे मत चुकले तर मी चुकते, माझे आईबाप चुकतात, माझी सगळी कौम चुकते. तिथे मी मी उरत नाही, वकील होते. आणि वकिलाला "मला माहीत नाही" म्हणण्याची सवलत नसते.

दुपारी आम्ही रतनवाडीला गेलो. तिथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, शिलाहारांच्या काळातले म्हणून ओळखले जाते. दगडावरचे कोरीव काम पाहत राहावे असे. मी बाहेरून सगळे फिरून पाहिले, शेजारची पुष्करणी पाहिली. सगळ्याजणी आत गेल्या तेव्हा मी ओट्यावर बसून चपला राखल्या. कोणी काही बोलले नाही; मीही नाही. ताई बाहेर आल्या आणि इतरांबरोबर माझ्याही हातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा आणि खडीसाखर ठेवली.

देवाला वाहिलेली वस्तू मी खात नाही. आमच्यातले सगळेच हे इतके कडक पाळतात असे नाही, पण मला घरात तसे वळण आहे आणि मोठेपणी विचार करूनही मी ते ठेवले आहे. हे एका वाक्यात सांगता आले असते. पण ताईंनी इतक्या प्रेमाने दिले होते. मी हसले, मूठ मिटली, थोडी मागे राहिले आणि सगळे पर्समध्ये टाकले. नाही म्हटले नाही आणि खाल्लेही नाही. तेव्हा मला ते शहाणपणाचे वाटले. आमच्या घरात याला अदब म्हणतात, ताईंच्या घरात रीत म्हणत असतील.

रात्री काजवे पाहून आलो. हिरड्या-बेहड्याची झाडेच्या झाडे उजळत होती, विझत होती. खोलीत मी आणि ताई दोघीच. आता खरी अडचण सुरू झाली. माझी इशाची नमाज राहिली होती आणि ताई बाहेर जातील तर बरे, असे मला वाटत होते. कोणी मनाई केली असती म्हणून नाही. कोणी पाहत असले की अवघडायला होते म्हणून. ताई व्हरांड्यात उभ्या होत्या आणि आत येत नव्हत्या. मी झटपट नमाज उरकली. बाहेर गेले तर त्या आभाळाकडे पाहत होत्या. त्या दिवशी संकष्टी होती. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हते आणि हे त्यांनी मला सांगितले नव्हते. मला कशाला अडचण, म्हणून. आभाळ ढगांनी भरलेले.

मी विचारले, "ताई, चंद्र दिसलाच नाही तर तुम्ही काय करता?"

बारा वर्षे आम्ही एका इमारतीत काम करत होतो आणि धर्माविषयी मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्या म्हणाल्या, "कालनिर्णयमध्ये चंद्रोदयाची वेळ असते. ती झाली की सोडायचा. तुमच्याकडे हो? ईदला?"

मी सांगितले की एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही, कुठूनही खात्रीची गवाही आली नाही, तर तीस रोजे पुरे करायचे. त्यांनी विचारले, "पण आता गणिताने आधीच कळतं ना?" मी म्हणाले, "कळतं. त्यावर आमच्यातच वाद आहे. कोणी म्हणतं गणित चालतं, कोणी म्हणतं डोळ्यांनीच पाहायला हवा. का, ते सगळं मला नीट सांगता येणार नाही." त्या हसल्या. "संकष्टीला चंद्रच का, हेही मला कुठे सांगता येतं? आई करायची, म्हणून मी करते."

मग घड्याळ पाहून त्या म्हणाल्या, "वेळ झाली. आपा, दुपारचा प्रसाद तुमच्या पर्समध्ये आहे ना? तोच द्या. त्यानंच सोडते उपास."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. ताईंनी पाहिले होते. मी पर्समधून तो कागद काढून दिला. त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, "नको म्हणाला असतात, तर क्षणभर वाईट वाटलं असतं. लपवलंत, ते दिवसभर सलत राहिलं."

मीही मग धीर केला. म्हणाले, "ताई, परवाच्या ईदला मी शीरखुर्मा आणला, तेव्हा तुम्ही उपास आहे म्हणालात."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "नव्हता हो उपास. भांड्यांचं मनात आलं. तुमच्या घरात मटण शिजतं ना त्याच भांड्यांत, असं वाटलं. सांगायची लाज वाटली."

मला राग आला का? थोडा आला. पण राग येऊनही एक प्रकारचा आराम वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकींशी खरे बोललो होतो. आमच्या चांगल्या वागण्याखाली असे किती छोटे छोटे खोटेपण पसरलेले होते! प्रत्येक खोट्याने त्या दिवसापुरती शांतता राखली होती आणि थोडा विश्वास खाल्ला होता. ज्याला आपण सलोखा म्हणतो तो पुष्कळदा एवढाच असतो: दोघांनीही नजर दुसरीकडे वळवणे. अशा सलोख्याला एक अफवा पुरते. कारण शेजारी खरोखर काय मानतो हे मला कधी कळलेलेच नसते, मग कोणी येऊन काहीही सांगितले तरी मी ते खरे धरते.

त्याच रात्री ताई म्हणाल्या, "आमच्या नाथांनी तर हिंदू आणि तुर्काचं भांडणच लिहून ठेवलंय." परत आल्यावर मी संत एकनाथांचा तो हिंदू-तुर्क संवाद शोधून वाचला. सोळाव्या शतकातली गोष्ट. पैठणसारख्या क्षेत्रातला ब्राह्मण, ज्याचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीला मुसलमान राज्यकर्त्यांच्या चाकरीत होते असे परंपरा सांगते, तो एका हिंदूला आणि एका तुर्काला समोरासमोर उभे करतो. दोघे एकमेकांना काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नाहीत. तुर्क मूर्तीवर बोलतो, पुराणातल्या देवांच्या गोष्टींवर बोलतो, हिंदूंच्या सोवळ्याओवळ्यावर बोलतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, आणि मुक्या जिवाची हत्या का? आणि शेवटी हे दोघे एकमेकांना मिठी मारतात.

मला दोन गोष्टींचे नवल वाटले. एक म्हणजे, दोघांना एकमेकांच्या गोष्टी केवढ्या माहीत आहेत! टोमणा मारायलासुद्धा माहिती लागते. आज आम्ही एकमेकांशी भांडायच्याही लायकीचे राहिलो नाही; दुसऱ्याविषयी आम्हाला फक्त ऐकीव गोष्टी माहीत असतात. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजू नाथांनीच लिहिल्या आहेत, पण तुर्काला त्यांनी बावळट केलेले नाही. त्याच्या तोंडी टोचणारे प्रश्न दिले आहेत, स्वतःच्या समाजाला झोंबतील असे. समोरच्याचा मुद्दा त्याच्याइतक्याच ताकदीने मांडता येणे, ही त्याच्याविषयीच्या आदराची खूण आहे. गप्प बसणे ही नव्हे.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर हे लेखन खोटे होईल. मोकळे बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. बहुसंख्याकाने विचारले तर ती उत्सुकता, अल्पसंख्याकाने विचारले तर तो उद्धटपणा, असे पुष्कळदा होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर चहाला गेले तर सगळे माझ्याकडे पाहू लागले. "आपा, तुमचं काय म्हणणं?" खरे तर मला निकाल योग्य वाटला होता. अशा तलाकने उद्ध्वस्त झालेली एक बाई माझ्या नात्यात आहे. पण "बरे झाले" म्हटले असते तर ऐकणाऱ्यांनी त्यातून एवढेच उचलले असते की बघा, यांचा धर्मच असा, ही स्वतः सांगते. आणि वरच्या मजल्यावर बातमी गेली असती की ही त्यांच्यात जाऊन आपल्याविरुद्ध बोलते. आपल्यांत बोलावे तर ती गद्दारी, दुसऱ्यांत बोलावे तर ती साक्ष. मी चहा संपवला आणि तास आहे म्हणून उठले.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या आणि तलाकविषयी त्यांनी आपले म्हणणे उघडपणे मांडले. दलवाईंचे सगळेच विचार मला पटतात असे नाही. पण त्या सातजणींची मला त्या दिवशी शरम वाटली. त्यांच्यानंतर एकावन्न वर्षांनी मला चहाच्या टेबलावरही तोंड उघडता आले नव्हते.

म्हणून ज्याला मोकळा संवाद हवा आहे त्याने प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारावे की मी जाणून घ्यायला विचारतो आहे की हजेरी घ्यायला? ताईंच्या आणि माझ्या बोलण्यात जे दार उघडले ते "तुम्ही असे का मानता" या प्रश्नाने नव्हे, तर "तुम्ही काय करता" या साध्या प्रश्नाने. आणि ते उघडे राहिले ते दोघींनीही "मला नीट माहीत नाही" म्हटले म्हणून.

"मला माहीत नाही" म्हणायला मोठ्यांनाही जड जाते. आमच्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद नेहरूंबरोबर कैदेत होते. तिथे त्यांनी आपल्या मित्राला पत्रे लिहिली, जी पुढे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. उर्दूच्या विद्यार्थ्यांना त्यातले चहाचे आणि चिमण्यांचे प्रसंग आठवतात. पण एका पत्रात मौलाना आपल्या तरुणपणच्या शंकांविषयी लिहितात: वारशाने मिळालेला विश्वास कसा डळमळला, आणि पुढे तो शोधून स्वतःचा कसा करावा लागला. पीर घराण्यातला मुलगा, कुरआनचा भाष्यकार, काँग्रेसचा अध्यक्ष. आणि तो शंकेची कबुली देतो. मात्र कोणत्या पत्रांत? तुरुंगातून पाठवता येणार नाहीत हे माहीत असलेल्या पत्रांत. समोर ऐकणारा नव्हता, म्हणून कदाचित सोपे गेले असेल. ज्याचे ईमान शंकेतून पार पडले आहे तो दुसऱ्याच्या प्रश्नाला घाबरत नाही. घाबरतो तो, ज्याने आपला विश्वास कधी उघडून पाहिलेला नाही आणि कोणी हात लावला तर तो फुटेल असे ज्याला वाटते. माझे अवघडणेही पुष्कळसे त्यातलेच होते.

कुरआनात एके ठिकाणी म्हटले आहे की माणसांच्या जाती-जमाती निर्माण केल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. मी ही आयत लहानपणापासून पाठ म्हणत आले. ओळख व्हायची तर बोलावे लागेल, हे मात्र भंडारदऱ्याच्या त्या व्हरांड्यात कळले.

त्यानंतर आमच्यात सगळे बदलले असे नाही. ताई अजून आमच्या भांड्यातला शीरखुर्मा घेत नाहीत. ईदला मी त्यांना खजुराची पेटी देते आणि त्या ती तिथेच उघडतात. मी अजून प्रसाद खात नाही. गणपतीत त्या देवापुढे ठेवण्याआधीच दोन केळी माझ्यासाठी बाजूला काढतात. कधी कधी भांड्यांचे ते वाक्य मला अजून टोचते आणि मी त्यांना तसे सांगते. त्या ऐकून घेतात.

एकदा मी ताईंना त्या मुलाचा प्रश्न सांगितला. मला वाटले त्या दुखावतील. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या पोरांनी तुमच्याबद्दल काय काय विचारलंय, ते सांगू का?" आणि त्यांनी सांगितले. त्यांनीही प्रत्येक वेळी धडा उघडायला सांगितला होता.

ज्याने विचारले होते तो मुलगा आता शाळा सोडून गेला. पण अशा प्रश्नांचे नवे धनी दरवर्षी वर्गात येऊन बसतात. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने जवळजवळ तोच प्रश्न विचारला. या वेळी मी खडू खाली ठेवला. म्हणाले, "बेटा, कोण कुठे जाणार हे मला माहीत नाही. ते ठरवण्याचे काम अल्लाहने मला दिलेले नाही, तुलाही नाही. तुझ्या ओळखीचे खाली कोण आहे?" तिने एका मुलीचे नाव घेतले; दोघी टाकीवर रोज भेटत होत्या. मी विचारले, "ती उपास करते का? कधी? काय खाते?" तिला माहीत नव्हते. मी म्हणाले, "मग आधी ते विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती साबुदाण्याच्या खिचडीची सगळी कृती सांगत वर आली. दारात अजून तरी कोणी पालक आलेले नाहीत. आले तर त्यांना काय सांगायचे ते मी ठरवून ठेवले आहे. आवाज थोडा कापेल, पण सांगेन.